आवृत्ती निवडताना यंत्राचे वय विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला आणि भोसरी, तळवडे, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात एक जुना विषय पुन्हा ऐरणीवर आला. स्टोअरमधला, क्वालिटीच्या टेबलावरचा किंवा सीएनसी मशिनला प्रोग्रॅम पाठवणारा संगणक ठणठणीत चालतो. पण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही किंवा त्याचा प्रोसेसर मान्य यादीत नाही, म्हणून विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नाही. चालता संगणक भंगारात काढायचा नसेल तर लिनक्सचा पर्याय समोर येतो. तो निवडला की लगेच पुढचा प्रश्न पडतो: कोणते लिनक्स, आणि त्यातले काय कोणत्या आवृत्तीचे?

हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. लिनक्स म्हणजे खरे तर फक्त कर्नल. त्याच्याभोवती कंपायलर, लायब्रऱ्या, ब्राउझर, डेटाबेस, फाँट असे हजारो भाग गोळा करून, ते एकमेकांशी जुळवून कोणीतरी संच तयार करते, त्याला वितरण म्हणतात. डेबियन १३ मध्ये असे सुमारे ७० हजार पॅकेज आहेत. प्रत्येक भाग वेगळ्या हातांनी, वेगळ्या गतीने लिहिला जातो. त्यातल्या प्रत्येकाची कोणती आवृत्ती संचात घ्यायची, हे वितरण बनवणारे ठरवतात, आणि त्या निर्णयाचे परिणाम पुढची पाच-दहा वर्षे वापरणारा भोगतो. माझे म्हणणे असे की या पट्ट्यात तरी हा निर्णय ‘नवे काय आले’ यावरून घेऊ नये. यंत्र किती वर्षे चालणार आणि तितकी वर्षे त्याची दुरुस्ती कोण करणार, या दोन गोष्टींवरून घ्यावा.

आधी हा निर्णय प्रत्यक्षात होतो कसा ते पाहू. डेबियनची पद्धत सर्वांत उघड आणि शिस्तीची आहे. नवी आवृत्ती प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत येते. काही दिवस तिच्यात गंभीर दोष आढळला नाही, तिच्यामुळे इतर पॅकेज मोडले नाहीत, तर ती ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. मग टप्प्याटप्प्याने दार बंद होते. डेबियन १३ साठी १५ मार्च २०२५ ला कंपायलर आणि मुख्य लायब्रऱ्यांचे बदल थांबवले, १५ एप्रिल आणि १५ मे रोजी नियम आणखी कडक केले, २७ जुलैला जवळजवळ सगळेच गोठवले आणि ९ ऑगस्टला संच प्रसिद्ध झाला. त्यानंतर आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ग्राहकाने पीपीएपी (उत्पादनापूर्वीची भाग-मंजुरी) मंजूर केल्यावर ड्रॉइंगचे रिव्हिजन किंवा प्रोसेस आपल्या मनाने बदलता येत नाही, तशीच ही गोठवणूक आहे.

बाकीच्यांच्या पद्धती थोडक्यात. उबुंटूचा संच दर सहा महिन्यांनी ठरल्या तारखेला निघतो आणि दर दोन वर्षांनी त्यातला एक दीर्घ सपोर्टचा असतो. फेडोरा नव्याच्या बाजूने झुकते, तिचा संच तेरा महिन्यांच्या आसपास सांभाळला जातो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स दहा वर्षांचे वचन देऊन त्याचे पैसे घेते. आर्चसारख्या वितरणांत गोठवणूकच नाही, जे आले ते घेतले जाते. शिकणाऱ्यासाठी आर्च फार चांगले आहे. पण रात्रपाळीला ज्या संगणकावरून मशिनला प्रोग्रॅम जातो, तिथे ते घालणे मला मुळीच पटत नाही.

इतिहासात फसलेल्या निर्णयांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सप्टेंबर २००० मध्ये आलेल्या रेड हॅट लिनक्स ७ ने ‘जीसीसी २.९६’ नावाचा कंपायलर दिला. या क्रमांकाची आवृत्ती मूळ प्रकल्पाने कधी काढलीच नव्हती, विकासाच्या मधल्या टप्प्यावरचा कोड उचलून रेड हॅटने त्याला क्रमांक दिला होता. त्यावर बांधलेले सी++ प्रोग्रॅम ना जुन्या २.९५ शी जुळत, ना पुढे २००१ मध्ये आलेल्या ३.० शी. कर्नल बांधायला तर वेगळा जुना कंपायलर सोबत द्यावा लागला. पायाचा दगड अर्धवट घेतला की वरचे सगळेच हलते, हे तेव्हा जगाने पाहिले.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. एप्रिल २००८ मधल्या उबुंटू ८.०४ या दीर्घ सपोर्टच्या संचात फायरफॉक्स ३ चा बीटा घातला गेला. दीर्घ सपोर्टच्या संचात बीटा म्हटल्यावर टीका होणारच. पण पर्याय काय होता? स्थिर असलेले फायरफॉक्स २ मोझिलाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोडून दिले. तीन वर्षे सांभाळायच्या संचात आठ महिन्यांत अनाथ होणारा ब्राउझर घालणे जास्त धोक्याचे ठरले असते. म्हणजे ‘स्थिर’ हा शिक्का पाहून भागत नाही, त्या आवृत्तीच्या मागे मूळ लेखक किती काळ उभे राहणार तेही पाहावे लागते. डेबियनने पुढे ब्राउझरपुरता आपला नियम सैल केला: फायरफॉक्सची दीर्घ सपोर्टची शाखा आणि क्रोमियम हे गोठवलेल्या संचातही नव्या आवृत्तीत जातात.

सुरक्षेच्या बाबतीत जुने बरे की नवे, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड दोष उघड झाला. तो १.०.१ मालिकेत होता, जुनी ०.९.८ असलेल्या डेबियन ६ ला त्याची झळच लागली नाही, तर त्यापेक्षा नवे डेबियन ७ त्याच्या तावडीत सापडले. २९ मार्च २०२४ चे प्रकरण याहून गंभीर. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, हे शोधताना एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम बसवलेले चोरदार सापडले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षे काम करून प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. शेवटच्या टप्प्यात वितरणांनी नवी आवृत्ती लवकर घ्यावी म्हणून दबावही आणला गेला. उबुंटूची गोठवणूक तोंडावर असताना ५.६.१ घ्या अशी विनंती नोंदवली गेली होती. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत, फेडोराच्या पूर्वआवृत्तीत ती पोचलीही. डेबियन १२ मध्ये मात्र ५.४.१ होती, त्यामुळे ते वाचले. उबुंटू २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढे ढकलून, बाधित आवृत्ती आल्यानंतर बांधलेले सगळे पॅकेज नव्याने बांधावे लागले. संच बनवणाऱ्याच्या संयमाची एवढी मोठी किंमत याआधी क्वचितच कळली असेल.

पण यावरून जुन्याला चिकटून राहावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांना सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, आणि ओपनएसएसएल १.०.२ किंवा त्याआधीची आवृत्ती असलेल्या अनेक यंत्रणांना एका दिवसात सुरक्षित संकेतस्थळांशी जोडणी करता येईना. यंत्रात काहीही बदलले नव्हते. बाहेरचे जग बदलले होते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात जेएनपीटीमधले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. चाकणचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो तेच हे बंदर. हा हल्ला विंडोजवरचा, त्याने वापरलेल्या एका दोषाचा पॅच मार्चमध्येच आला होता आणि तो न बसवलेल्या संगणकांतून हल्ला वेगाने पसरला. मात्र त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता, हेही विसरता येत नाही. अपडेट न घेणे धोक्याचे आणि न पाहता घेणेही धोक्याचे.

म्हणूनच बॅकपोर्टिंग ही वितरणांची सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी कौतुक झालेली कामगिरी आहे. आवृत्ती जुनीच ठेवायची, पण नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी काढून जुन्या कोडमध्ये बसवायची. हे काम किचकट आहे आणि ते करणाऱ्याला मूळ कोड नीट समजावा लागतो. तो न समजता हात घातला की काय होते, तेही डेबियननेच दाखवले: २००६ मध्ये ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे तयार होणाऱ्या किल्ल्या ओळखता येण्याइतक्या मोजक्या झाल्या आणि ते मे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही.

बॅकपोर्टिंगचा एक त्रास इथल्या पुरवठादारांना हमखास होतो. जर्मन वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांकडे टायसॅक्स ही माहिती-सुरक्षेची तपासणी मागितली जाते. तपासणीचे साधन आवृत्तीचा क्रमांक वाचते आणि जुना दिसला की लाल शेरा मारते. आतली दुरुस्ती झालेली आहे हे त्याला दिसतेच असे नाही. अशा वेळी घाईघाईने मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती उतरवून बसवणे ही सर्वांत वाईट वाट. ती बसवली की तो भाग वितरणाच्या देखभालीतून बाहेर पडतो. त्याऐवजी वितरणाची सुरक्षा-नोंद उघडून त्या दोषापुढे ‘दुरुस्त’ असे लिहिलेले दाखवावे. ऑडिटर ते सहसा मान्य करतात.

हिशेब आणि उत्पादन-नियोजनाकडे वळू. मुंबईच्या फ्रापेने बनवलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर छोट्या कारखान्यांना परवडते. त्याच्या १५ व्या आवृत्तीला पायथन ३.१०, मारियाडीबी १०.६ आणि नोड १८ किंवा त्यापुढचे लागते. उबुंटू २२.०४ च्या संचात पायथन आणि मारियाडीबी नेमके बसतात, पण नोड १२ आहे. म्हणजे तो बाहेरून आणावा लागतो आणि त्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर येते. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११, मारियाडीबी १०.११ आणि नोड १८, तिन्ही संचातच मिळतात. त्यातही एक खाच आहे: नोड १८ चा मूळ प्रकल्पाकडचा सपोर्ट ३० एप्रिल २०२५ ला संपला, तर डेबियन १२ चा दीर्घ सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे. मधल्या काळात आधार फक्त वितरणाचा. ईआरपी बसवून देणाऱ्याने कोटेशनसोबत असा तक्ता द्यायला हवा, आणि मालकाने तो मागायला हवा. ‘लेटेस्ट टाकून देतो’ या वाक्यावर समाधान मानू नये.

आता शॉपफ्लोअर. जुन्या मिलिंगला किंवा लेथला नवा कंट्रोलर बसवून रेट्रोफिट करणाऱ्यांसाठी लिनक्ससीएनसी हा मुक्त पर्याय आहे. इथे आवृत्तीचा प्रश्न थेट धातूवर उमटतो, कारण स्टेपर मोटरला पल्स वेळेवर गेला नाही तर जॉब बाद होतो. त्यासाठी रिअलटाइम कर्नल लागतो. रिअलटाइमचे हे पॅच २००४ पासून मूळ कर्नलच्या बाहेर सांभाळले जात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते ६.१२ साठी मूळ कर्नलमध्ये सामावले गेले, आणि डेबियन १३ त्याच ६.१२ वर उभे आहे. वीस वर्षे बाहेर राहिलेली गोष्ट संचाचा भाग झाली, ही या पट्ट्यासाठी मोठी बातमी आहे. तिची इथे पुरेशी चर्चा झालेली नाही. लिनक्ससीएनसीची २.८ आवृत्ती पायथन २ वर अडकलेली होती. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला आणि वितरणांनी तो काढून टाकायला सुरुवात केली. २.९ ने पायथन ३ घेतला, तेव्हा कुठे ते डेबियन १२ च्या संचात सामील झाले. ज्यांनी आपले मॅक्रो आणि पॅनेल पायथन २ मध्ये लिहिले होते, त्यांना ते पुन्हा लिहावे लागले. आणि एक सांगून ठेवतो: कर्नल कितीही चांगला असला तरी त्याच मदरबोर्डवर, त्याच ग्राफिक कार्डासह लेटन्सीची चाचणी घेतल्याशिवाय मशिन उत्पादनाला लावू नये.

यंत्राचे वय का विचारायचे, याचे सर्वांत स्पष्ट कारण १९ जानेवारी २०३८ हे आहे. ३२ बिटमध्ये वेळ मोजणाऱ्या यंत्रणांचा आकडा त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपतो आणि तारीख मागे, १९०१ मध्ये उडी मारते. आज घेतलेली प्रेस किंवा मशिनिंग सेंटर त्या दिवशीही चालू असेल. या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षांची मशिने सर्रास चालतात. डेबियन १३ ने ३२ बिट एआरएमसाठी वेळेची मोजणी ६४ बिटची केली. जुन्या इंटेल ३२ बिट प्रकाराची मोजणी मात्र आहे तशीच ठेवली, शिवाय त्याच्यासाठी आता इन्स्टॉलर आणि कर्नलही दिला जात नाही. ज्यांच्याकडे अजून ३२ बिटचे पॅनेल पीसी आहेत त्यांना डेबियन १२ वर राहावे लागेल आणि जून २०२८ पर्यंत बदलाची तयारी करावी लागेल.

गाड्यांमधले गणित आणखी ताणलेले आहे. २०१८ साली आलेली मर्सिडीजची एमबीयूएक्स ही पडद्यावरची प्रणाली लिनक्सवर चालते, आणि मर्सिडीजच्या गाड्यांची जुळणी चाकणला होते. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची. योक्टो या साधनाने गाडीसाठी संच बांधतात. त्याच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या चार वर्षे सांभाळल्या जातात. कर्नलच्या दीर्घ सपोर्टचा काळ सहा वर्षांवर नेला होता, पण सांभाळणारे हात कमी पडतात म्हणून तो पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पंधरा वर्षांची गाडी आणि काही वर्षांचा आधार, या फटीत कोणीतरी काम करायलाच हवे. सीमेन्स, हिताची, तोशिबा आदींनी २०१६ मध्ये सुरू केलेला सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म निवडक कर्नल दहा वर्षांहून जास्त सांभाळण्याचे ध्येय ठेवतो आणि पॅकेजसाठी डेबियनचा पाया घेतो. मला ही वाट सर्वांत शहाणी वाटते: कमी आवृत्त्या निवडा, पण निवडलेल्या शेवटपर्यंत सांभाळा. गाडीतल्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम १५६ आहे, त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस १९० हे मानक तयार झाले. कोणत्या गाडीत कोणती आवृत्ती आहे याची नोंद ठेवणे हा त्याचा गाभा आहे.

आपल्या भाषेलाही आवृत्तीची झळ लागते. मराठीतला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचा फाँट असलेल्या संचात ‘ॲल्युमिनियम’च्या जागी चौकोन दिसणार. जुलै २०१० मध्ये स्वीकारलेले ₹ हे चिन्ह त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच उबुंटू १०.१० ने संचातल्या फाँटमध्ये दिले. वितरणांत वर्षानुवर्षे सोबत आलेले लोहित फाँट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. २००४ मध्ये रेड हॅटने ते मुक्त परवान्यात आणले. फाँट, टाइमझोनची माहिती, मूळ प्रमाणपत्रे हे भाग कधीही गोठवू नयेत असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या नव्या आवृत्तीने सहसा काही मोडत नाही आणि जुन्या आवृत्तीने हमखास अडते.

सीडॅकच्या बॉस लिनक्सबद्दल एवढेच: २००७ पासून चाललेला हा सरकारी संच डेबियनवर बेतलेला आहे, म्हणून त्याची आवृत्ती निवडताना ती कोणत्या डेबियनवर आहे आणि त्या डेबियनची मुदत कधी संपते ते आधी पाहावे.

आणि दिलेली मुदतही मोडते. रेड हॅटच्या व्यावसायिक संचाची मोफत प्रत असलेल्या सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने तो ३१ डिसेंबर २०२१ ला थांबेल असे जाहीर केले आणि जगभर सर्व्हर हलवावे लागले. अल्मा आणि रॉकी ही वितरणे त्यातूनच जन्मली. वितरण निवडताना त्याचा निर्णय एका कंपनीच्या हाती आहे की डेबियनसारख्या समुदायाच्या, हे म्हणूनच विचारात घ्यावे लागते.

माझा कौल स्पष्ट आहे. मशिनच्या संगणकावर डेबियन १३, किंवा ज्यांना पैसे देऊन जबाबदार माणूस हवा आहे त्यांनी दहा वर्षांचा व्यावसायिक संच घ्यावा. कर्नल, कंपायलर, मूळ लायब्रऱ्या आणि डेटाबेस संचातलेच ठेवावेत. ब्राउझर आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग ताजे ठेवावेत. बाहेरून आणलेल्या प्रत्येक पॅकेजपुढे ते सांभाळणाऱ्या माणसाचे नाव लिहिलेले असावे.

युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होत आहेत. युरोपला डिजिटल भाग असलेली उपकरणे विकणाऱ्यांना सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागतील. तोवर थांबण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या उद्योजक संघटनांनी परचेस ऑर्डरमध्ये जोडण्यासाठी एक पानाचा नमुना मराठीत तयार करून सभासदांना द्यावा: वितरणाचे नाव आणि आवृत्ती, कर्नलचा क्रमांक, सपोर्ट संपण्याची तारीख, बाहेरून आणलेल्या पॅकेजची यादी, आणि २०३८ नंतर मशिन चालेल असे पुरवठादाराचे सहीनिशी आश्वासन. ही पाच कलमे भरून दिल्याशिवाय कोणीही मशिनचा शेवटचा हप्ता देऊ नये.